झाडाची मागची बाजू

आमच्या ख्रिसमस ट्रीला एक मागची बाजू आहे. झाड कोपऱ्यात उभं राहतं, भिंतीकडचा भाग कुणाच्या नजरेला पडत नाही, आणि वर्षानुवर्षं तिथे एक ठरलेली मंडळी मुक्कामाला असते. त्यात एक तारा आहे. मैदा आणि मीठ एकत्र मळून, लाटून, साच्याने कापून, मंद आचेच्या ओव्हनमध्ये वाळवलेला. पाच टोकांपैकी एक वाळतानाच मुडपलं. मधोमध तेव्हा तीन वर्षांच्या असलेल्या माझ्या मुलाच्या अंगठ्याचा खळगा, आणि त्यात साचलेला लाल पोस्टर कलर आता तपकिरी झालाय. दोरा ओवायचं भोक काडीने पाडायचं ते पेन्सिलीने पाडलं, म्हणून त्याचा काठ फुगलाय आणि आत शिशाची करडी कड दिसते. पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी हा तारा पुढच्या फांदीवर असला, तर कुणीतरी तो हळूच मागे नेऊन ठेवतं. ते कुणीतरी बहुतेक वेळा मीच असते.

हा लेख माझ्या त्या सवयीविरुद्ध आहे.

हल्ली झाडं एकमेकांसारखी दिसू लागली आहेत. दोन रंग ठरवायचे, त्या रंगांचे तीन मापांचे गोळे आणायचे, एका रुंदीची रिबन शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सोडायची, दिवे सगळे एकाच छटेचे. दरवर्षी रंग बदलतो, म्हणजे गोळेही बदलतात. ज्यांच्याकडे जागा आहे ते दोन झाडं लावतात: बैठकीच्या खोलीत फोटोतलं, आणि आतल्या खोलीत मुलांचं, ज्यावर काहीही लटकवायला परवानगी असते. ही सोय ऐकायला मोठी समजूतदार वाटते. पण मुलांना त्यातून जे कळायचं ते कळतंच. आपण केलेलं आतल्या खोलीत ठेवण्यासारखं आहे.

झाडावर काय टांगावं याला मला एकच कसोटी पुरेशी वाटते. कुणी फांदीवरच्या वस्तूला बोट लावून "हे कुठलं गं?" असं विचारलं, तर घरातल्या एका तरी माणसाला उत्तर देता यावं. उत्तर लांबलचक नको, हृद्य तर मुळीच नको. "हे बाबांनी दवाखान्यात बसून विणलं" इतकं झालं की पुरे. वस्तू हाताने केलेली आहे की विकत आणलेली, सुबक आहे की बेंगरूळ, हे प्रश्न त्याच्या नंतरचे. हाताने केलेलं म्हणजे आपोआप चांगलं, या श्रद्धेतही मी सामील नाही. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

सजवलेल्या झाडाचं एक अगदी जुनं वर्णन स्ट्रासबुर्गचं आहे, 1605 सालचं. लोक घरात फरचं झाड उभं करतात आणि त्यावर रंगीत कागदांची गुलाबं, सफरचंदं, पातळ पापुद्र्यासारखे वेफर, सोनेरी वर्ख आणि साखरेचे पदार्थ टांगतात, असं कुणा अनामिकाने लिहून ठेवलंय. सफरचंद का, तर 24 डिसेंबर हा जुन्या पंचांगात आदम आणि हव्वेचा दिवस. त्या दिवशी होणाऱ्या नाटकात नंदनवनातलं झाड लागायचं आणि त्याला फळं लटकवलेली असायची. म्हणजे झाडावरचं बरंचसं खाण्याचं होतं आणि उरलेलं कागदाचं. सण सरला की मुलं त्यावर तुटून पडायची. स्वीडनमध्ये 13 जानेवारीला झाड रिकामं करतात, त्या समारंभाच्या नावात आजही 'लूट' हाच शब्द आहे.

हे मुद्दाम सांगितलं, कारण झाडावर आठवणी जपणं हीच मूळ परंपरा असा दावा मला करायला आवडला असता, आणि तो करता येत नाही. मूळचं झाड दरवर्षी पोटात जायचं. पेटीत घालून पुढच्या वर्षापर्यंत ठेवण्यासारखी वस्तू त्यावर आली ती काचेबरोबर.

जर्मनीतल्या थुरिंजियाच्या डोंगराळ जंगलात लाउशा नावाचं गाव आहे. काचेची पहिली भट्टी तिथे 1597 साली लागली, आणि झाडासाठी काचेचे गोळे फुंकायला सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला झाली. गोष्ट अशी सांगतात की एका गरीब कारागिराला झाडावर लावायला सफरचंदं आणि अक्रोड परवडेनात, म्हणून त्याने ते काचेचे केले. फ्रान्सच्या व्होज डोंगररांगेतही अशीच गोष्ट आहे. तिथे 1858 साली सफरचंदांचं पीक बुडालं आणि एका काचवाल्याने काचेची फळं फुंकली. दोन्ही गोष्टी गोड आहेत. दोन्हींत नेमकी फळंच संपतात, एवढ्यावरून त्या कितपत धरून चालायच्या ते ज्याने त्याने ठरवावं.

लाउशातलं काम कसं चालायचं, यात मात्र दंतकथा नाही. काचेची नळी गॅसच्या ज्योतीवर फिरवत मऊ करायची आणि फुंकून गोळा करायचा, किंवा साच्यात धरून फुंकायची म्हणजे फळ, पक्षी, चेहरा असे आकार मिळतात. आत चांदीच्या क्षाराचं द्रावण घालून तो गोळा गरम पाण्यात हलवायचा की आतून आरसा धरतो. मग बाहेरून लाखेचा रंग, मग मान कापून धातूची टोपी. हे सगळं घरात, एकाच खोलीत. नवरा फुंकायचा, बायको चांदी चढवायची, मुलं रंगवायची आणि टोप्या बसवायची. तयार माल पाठीवरच्या उंच टोपल्यांत घालून बायका झोनेबर्गच्या व्यापाऱ्यांकडे पायी पोचवायच्या. आणि या गोळ्यांचं गिऱ्हाईक कोण? 1880 च्या सुमाराला अमेरिकेतल्या फ्रँक वूलवर्थ नावाच्या दुकानदाराला एका आयातदाराने हे गोळे घेण्याचा आग्रह केला. असला नाजूक, निरुपयोगी माल कोण घेणार म्हणून त्याने नाखुशीने 25 डॉलरचे ठेवून घेतले. दोन दिवसांत संपले. पुढे त्याच्या स्वस्त मालाच्या दुकानांच्या साखळीतून ते प्रचंड प्रमाणात विकले गेले.

'हँडमेड' हा शब्द बिल्ल्यासारखा मिरवला जातो तेव्हा मला ती खोली आठवते. त्यातला एकूण एक गोळा हाताने केलेला होता. रात्रीच्या दिव्याखाली टोप्या बसवणाऱ्या मुलांचे हातही हातच होते. घेणाऱ्याला त्या हातांचा पत्ता नव्हता, आणि वस्तू स्वस्त होती ती हात स्वस्त होते म्हणून. तेव्हा एखाद्या दुकानात सुतळी, वाळलेली पानं आणि जाणूनबुजून ओबडधोबड ठेवलेलं लाकूड यांच्या वस्तू 'हाताने घडवलेल्या' म्हणून मांडल्या जातात, तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, कुणाच्या?

याचा अर्थ कसब थोर नाही असा नाही. चेक प्रजासत्ताकात कर्कोनोशे पर्वताच्या पायथ्याशी पोनिक्ला गावात फुंकलेल्या काचमण्यांपासून झाडाच्या वस्तू करतात. नळी साच्यात फुंकून मण्यांची अख्खी माळ एका दमात निघते, मग चांदी, मग रंग, मग एकेक मणी तोडून तारेत ओवायचा आणि तारा, कोळी, विमान असं वळवायचं. 2020 साली युनेस्कोने या हस्तकलेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. अशी एखादी वस्तू घरात आली आणि ती कुठून, कुणी आणली हे आपल्याला ठाऊक असलं, तर ती माझ्या कसोटीला सोन्याहून पिवळी.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. 1930 च्या दशकाच्या अखेरीस युरोपात युद्धाचं सावट आलं आणि अमेरिकेत जर्मन माल मिळेनासा होणार हे दिसू लागलं. मॅक्स एकार्ट या मूळच्या जर्मन आयातदाराने कॉर्निंग या काच कंपनीला गळ घातली. कॉर्निंगकडे विजेच्या दिव्यांचे बल्ब फुंकणारं यंत्र होतं. तापलेल्या काचेची पट्टी सरकत जायची आणि खालच्या साच्यांत बल्ब फुंकले जायचे. 1939 साली त्याच यंत्रातून झाडाचे गोळे निघाले, आणि लवकरच दिवसाला सुमारे 3 लाख निघू लागले. माणसाच्या फुंकरीचा संबंध संपला. मग युद्ध पेटलं. आतून चढवायला चांदी मिळेना, टोपीला धातू मिळेना. त्या वर्षांतले गोळे पारदर्शक आहेत, त्यांवर रंगाचे दोनचार पट्टे आणि डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी.

आज कुणाच्या तरी आजीच्या पेटीतून असा पुठ्ठ्याच्या टोपीचा गोळा निघाला की तो कापसात गुंडाळून ठेवतात. यंत्राने लाखांनी ओतलेली वस्तू, तीही टंचाईमुळे कसर करून काढलेली. पण ती कापूस आणि कागद यांच्यात ऐंशी वर्षं टिकली, एका घराच्या हातांतून दरवर्षी दोनदा गेली, लावताना एकदा आणि काढताना एकदा. त्या हातांनी ती घडली, असं म्हणायला माझी हरकत नाही.

सोव्हिएत झाडांचंही असंच. 1920 च्या दशकाच्या शेवटी तिथे नाताळच्या झाडावर गदा आली. 1935 च्या डिसेंबरात ते नववर्षाचं झाड म्हणून सरकारी आशीर्वादाने परत आलं, आणि त्यावर देवदूतांच्या जागी विमानं, हवाई जहाजं, छत्रीधारी सैनिक, पुढे अंतराळवीर आणि मक्याची कणसंही लटकली. वरून ठरवून दिलेली थीम याहून मोठी कुठली असेल? आणि तरी त्या घरांतल्या नातवंडांना आज तो काचेचा अंतराळवीर म्हणजे आजोबा. थीम ठरवणारे गेले, वस्तू घरात राहिली. म्हणून दोन रंगांच्या गोळ्यांवर माझा राग ते कारखान्यातून येतात म्हणून नाही. पुढच्या वर्षी रंग बदलला की ते टाकले जाणार आहेत, त्यांना कुणाचं काही व्हायला वेळच मिळणार नाही, म्हणून आहे.

स्वतः केलेल्या वस्तूवरच्या मायेबद्दल एक प्रयोग झालेला आहे. नॉर्टन, मोचन आणि एरियली या तीन संशोधकांचा हा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी नवख्या लोकांना कागदाचे बगळे आणि बेडूक घडी घालायला दिले आणि मग विचारलं, हे स्वतःकडे ठेवायचं तर किती द्याल? करणाऱ्यांनी सरासरी 23 सेंट म्हटलं. त्याच चुरगळलेल्या बगळ्यांना इतरांनी 5 सेंट दिले. कुशल कलाकारांनी केलेल्या घड्यांना मिळाले 27. म्हणजे आपला वेडावाकडा बगळा माणसाला उस्तादाच्या बगळ्याच्या जवळपास वाटतो. दुसऱ्या एका भागात असंही दिसलं की काम अर्धवट राहिलं किंवा केलेलं मोडून टाकलं तर ही माया उरत नाही.

संशोधकांनी हे मनाची एक फसगत म्हणून मांडलं, आणि बाजारापुरतं ते बरोबर आहे. माझ्याविरुद्धही हे वापरता येईल: बाई, तुमचा तारा 5 सेंटचा आहे, तुम्हाला उगाच 23 चा वाटतो. मान्य. पण झाड हा लिलाव नाही. आपल्याकडे म्हणतातच, हौसेला मोल नसतं. शिवाय प्रयोगात दोनच पक्ष होते, करणारा आणि परका. घरात तिसरा पक्ष असतो. बगळा केला पोराने, आणि 23 सेंट द्यायला तयार असतो त्याचा बाप, ज्याने कागदाला हातही लावलेला नाही. ही फसगत असेल तर ती ठरवून एकत्र केलेली आहे.

डेन्मार्कमध्ये झाडावर विणलेली कागदी हृदयं टांगतात. दोन रंगांच्या कागदाच्या दुमडलेल्या पट्ट्या एकमेकींतून आतबाहेर ओवल्या की हृदय तयार होतं, आणि ते उघडून त्यात खाऊ ठेवता येतो. ओवताना पट्टी दुसरीच्या पोटातून घालायची की तिला आपल्या पोटात घ्यायचं, एवढंच लक्षात ठेवायचं. पहिलं हृदय हमखास फाटतं. आज माहीत असलेलं सगळ्यांत जुनं असं हृदय हान्स क्रिस्तियान अँडरसनने 1860 च्या सुमाराला केलेलं आहे. कात्री आणि कागद ही या लेखकाची मुलखावेगळी हौस होती. ते आजवर जपलं गेलं ते अँडरसनचं म्हणून, हे उघड आहे. कागद तसा कुणाच्याही घरी असतो तसलाच.

उत्तर देता येण्याची ही भूक बाजाराला कळली नसती तरच नवल. 1973 साली हॉलमार्क या शुभेच्छापत्रांच्या अमेरिकी कंपनीने जपून ठेवण्यासाठी म्हणून झाडाच्या वस्तू काढल्या, पहिल्या वर्षी 18: 6 काचेचे गोळे आणि 12 लोकरीच्या बाहुल्या. तेव्हापासून साल छापलेल्या, 'बाळाचा पहिला नाताळ', 'नवं घर', 'लग्नानंतरचा पहिला नाताळ' अशा वस्तूंचा एक मोठा धंदा उभा राहिला. यात मला लबाडी दिसत नाही. आमच्याकडेही अशी एक आहे, भेट आलेली, आणि ती देणाऱ्या मावशींची आठवण तिच्यावर आहे, छापलेल्या सालाची नाही. खटकतं ते एवढंच की इथे आठवण आधी छापून येते आणि प्रसंग नंतर घडायचा असतो. बाळाचा पहिला नाताळ तापाने फणफणत गेला असेल. ते त्या चंदेरी पाळण्यावर कुठे लिहिणार? त्या वर्षी औषधाच्या बाटलीचं मोजमापाचं टोपण दोऱ्याला बांधून टांगलं असतं तर जास्त खरं झालं असतं. (एका ओळखीच्या घरी हे खरंच आहे. टोपण गुलाबी आहे आणि झाडावर बरं दिसतं.)

आता माझ्या विरोधकांचं ऐकून घेते, कारण त्यांतले दोन मला गप्प बसवतात.

पहिला म्हणतो, घरात वर्षभर पसारा असतो, डोकं भरलेलं असतं, निदान एक कोपरा तरी नीट, शांत, एका रंगाचा असू दे. याला माझ्याकडे तोडीस तोड उत्तर नाही. थकलेल्या माणसाला समतोल हवासा वाटणं ही दिखाऊगिरी नव्हे. मी इतकंच म्हणेन की शांत झाडही आठवणींचं असू शकतं. लिथुआनियात आणि फिनलंडमध्ये गवताच्या पोकळ काड्या दोऱ्यात ओवून हवेत तरंगणारे भौमितिक मनोरे करतात. एकच रंग, एकच वस्तू, आणि तरी कुठली काडी कुणी कापली ते सांगता येतं. सुबकपणाशी माझं भांडण नाहीच.

दुसरा विरोधक काही म्हणत नाही. तो पेटी उघडत नाही. ज्याचं माणूस गेलंय, ज्याचं घर मोडलंय, त्याला झाडावरची प्रत्येक वस्तू उत्तर देते, आणि नेमकं तेच नको असतं. दोन नावं कोरलेला गोळा, त्यातलं एक नाव आता त्या घरात नाही. अशा माणसाला 'आठवणींनी झाड सजवा' म्हणणं हा आगाऊपणा आहे. एका मैत्रिणीने वडील गेल्यावर दोन वर्षं दुकानातले साधे पांढरे गोळे लावले आणि जुनी पेटी माळ्यावर ठेवली. तिसऱ्या वर्षी तिने त्यातून एकच वस्तू काढली. मला विचाराल तर त्या दोन वर्षांतलं पांढरं झाडही तिच्या आठवणींचंच होतं. काय टांगायचं नाही हे ठरवायचा हक्क याच कसोटीत बसतो. उत्तर देता येणं आणि द्यावंच लागणं यांत अंतर आहे.

एवढं घरातलं झालं. सार्वजनिक जागेतल्या झाडाबद्दल मात्र मी जास्त आग्रही आहे, कारण तिथे 'माझं घर, माझी आवड' हा बचाव चालत नाही. शाळा, वाचनालय, इस्पितळ, वृद्धाश्रम, गावचा चौक इथली झाडं बहुतेक वेळा एखादा सजावटवाला येऊन एका दिवसात उभी करतो आणि एका दिवसात उतरवतो. येणारेजाणारे त्यासमोर फोटो काढतात. त्यावर त्यांचं काही नसतं.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरचं झाड आज जगातलं सर्वांत फोटो निघणारं झाड असावं. 50,000 च्या आसपास दिवे, शेंड्यावर स्फटिकांचा तारा. त्याची सुरुवात 1931 च्या नाताळच्या आदल्या दिवशी झाली. मंदीचे दिवस होते. तिथल्या बांधकामावरच्या मजुरांनी आपापसांत वर्गणी काढून 20 फुटांचं फरचं झाड आणलं, आणि क्रॅनबेरीच्या माळा, कागदी साखळ्या आणि पत्र्याचे रिकामे डबे यांनी सजवलं. माळा त्यांच्या घरच्यांनी ओवल्या होत्या. दोन वर्षांनी ते झाड अधिकृत झालं, त्यावर 700 दिवे आले, आणि डबे गेले. दिवे येऊ नयेत असं माझं म्हणणं नाही. पण डबे जायलाच हवे होते का?

अशा ठिकाणी खालचा अर्धा भाग, म्हणजे हात पोचेल तेवढा, येणाऱ्यांसाठी मोकळा ठेवावा. वर सजावटवाल्याने हवं ते करावं. इस्पितळात भरती असलेल्याने, त्याच्या उशाशी बसलेल्याने, वाचनालयात रोज पेपर वाचायला येणाऱ्याने काहीतरी आणून टांगावं. व्यवस्थापनाच्या हरकती मला पाठ आहेत: काहीही आणतील, चोरी होईल, कुणी अचकटविचकट लिहील, आग लागेल. आगीची हरकत खरी आहे. जुन्या तापणाऱ्या दिव्यांशेजारी कागद आणि कापूस नको. आता एलईडी दिवे फारसे तापत नाहीत, तरी वायर तपासावीच. चोरीला जाईल ते जाईल. अचकटविचकट लिहिलेलं काढून टाकायला एक मिनिट लागतं. उरते ती खरी हरकत, जी कुणी बोलत नाही: ते झाड छान दिसणार नाही.

शाळांचं दुखणं वेगळं. तिथे हाताने करून घेतात, पण कसं? एका शाळेच्या झाडावर मी तीस हिममानव पाहिले. तिसांचे तीस सारखे. आकार बाईंनी आदल्या रात्री कापलेले, डोळे चिकटवायची जागा पेन्सिलीने ठिपके देऊन दाखवलेली, मुलांनी फक्त डिंक लावलेला. मागे नावं होती, ती बाईंच्याच अक्षरात. पालक एकेक उलटवून आपल्या पोराचं नाव शोधत होते. दुसरी खूणच नव्हती. त्यातल्या एका हिममानवाचे दोन्ही डोळे एकाच गालावर होते. तो शोधायला त्याच्या आईला क्षणही लागला नाही. बाईंची चूक म्हणावी तर त्यांच्यावर वरून दबाव असतो, फोटो पालकांना जायचे असतात, तीस मुलांना कात्री देऊन सांभाळणं सोपं नसतं, हे सगळं कळतं. पण मग साहित्य टेबलावर ओतावं आणि जे होईल ते टांगावं. अर्ध्या मुलांनी हिममानवाऐवजी ट्रक केले तर झाडावर ट्रक.

हातच्या वस्तू टिकवायच्या तर थोडं व्यवहाराचंही पाहावं लागतं. मीठ हवेतला दमटपणा ओढतं, म्हणून मिठाच्या कणकेची वस्तू पूर्ण वाळवून वरून वॉर्निशचा हात द्यावा, नाहीतर दोनतीन पावसाळ्यांत ती घाम फुटल्यासारखी चिकट होते. आमच्या ताऱ्याचं मुडपलेलं टोक असंच मऊ पडलंय. जड वस्तू फांदीच्या टोकाला लावू नये, खोडाजवळ लावावी. आणि सगळं जुनं ते सोनं समजू नये. झाडावर सोडायच्या चंदेरी झिरमिळ्या पूर्वी शिशाच्या असत. त्या वजनदार, सरळ लोंबणाऱ्या, दिसायला अप्रतिम. मुलांना शिशाचा धोका म्हणून अमेरिकेत 1972 पासून त्या बंद झाल्या. आजीच्या पेटीत अशा झिरमिळ्या निघाल्या तर आठवण ठेवा, झिरमिळ्या मुलांच्या हाती देऊ नका.

सर्वांत मोठी अडचण मात्र दमटपणाची नाही. उत्तर देणारं माणूस जातं, ही आहे. माझी सगळी कसोटी कुणाच्या तरी तोंडी माहितीवर उभी आहे, आणि तोंडी माहिती एका पिढीत पातळ होते, दोन पिढ्यांत संपते. त्यानंतर ती पेटी म्हणजे अडगळ. म्हणून गेल्या वर्षी झाड उतरवताना मी एक वही घेऊन बसले. वस्तूच्या मागे बारीक आकडा, वहीत त्या आकड्यापुढे एक ओळ. मुलगा आता माझ्याहून उंच आहे, तो काढून देत होता आणि मी लिहीत होते. तारा आला तेव्हा म्हणाला, "हा टाक आता, भयाण आहे." मी 7 आकडा घातला. "माझा अंगठा एवढुसा होता?" म्हणाला, आणि अंगठा त्या खळग्यावर ठेवून पाहिला. खळगा नखाखालीच झाकला गेला.

एकेचाळीस वस्तू झाल्या. बेचाळिसावी आईच्या पेटीतून आलेली, स्प्रिंगच्या चिमट्यावर बसणारा काचेचा पक्षी. शेपटीला पूर्वी काचेच्या तंतूंचा झुपका असणार, आता नुसतं भोक आहे. आईला एकदाही विचारलं नाही, आता विचारायला ती नाही. मुलाने पक्षी उलटा करून पाहिला, चिमटा दोनदा उघडमीट केला. "काय लिहू?" मी विचारलं. तो म्हणाला, "आहे ते लिही." मी लिहिलं: 42. पक्षी. शेपूट नाही. कुणाचा, माहीत नाही. लावताना फांदी आधी दाबून पाहणे, चिमटा सैल आहे.